स्पिन सरळ करणारं मशीन

मला राग आला की आमच्या उमेळे गावातले कावळे उडतात, असं लोक म्हणतात. साफ खोटं. बगळेही उडतात. आणि त्या दुपारी तर वसईच्या खाडीची ओहोटी अर्ध्यात थबकली होती, माझा आवाज खाली येईपर्यंत तिने पुढे पाऊल टाकलं नाही. नायगावच्या बाजूच्या कोळ्यांना विचारा. ते नाही म्हणतील, कारण त्यांना माझ्याबद्दल चांगलं बोलायची सवय नाही.

कारण एवढंच झालं होतं, की गळ्यात टाय लटकवलेला एक माणूस माझ्या चुलतभावाच्या ओट्यावर बसून आमच्या काकीला सांगत होता, "आजी, तुमच्या पाण्याचा प्रॉब्लेम काय आहे माहित्ये का? इलेक्ट्रॉनचा स्पिन."

मी पोटासाठी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. इतकी वर्षं शिकवतोय की फळ्याला माझा खोकला ओळखू येतो. या वर्षांत मी इलेक्ट्रॉनवर होणारे सगळे अत्याचार पाहिले. त्याला भोवरा करतात, त्याला सूर्याभोवती फिरणारा ग्रह करतात, क्लासवाले त्याला चार पर्यायांच्या प्रश्नात कोंबून मारतात. ते मी सोसलं. पण इलेक्ट्रॉनला पुढे करून कोणी आमचं बावखल गिळायला येईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

बावखल म्हणजे काय, हे वसईबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, आणि हल्ली वसईतल्यालाही. विहिरीहून मोठं, तळ्याहून लहान, वाडीच्या मधोमध खणलेलं पाणी. कडेला माड, केळी, एका अंगाला उतरायला चिरे. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि खालून खाडीचं खारं पाणी वर यायला लागलं की त्याला डोक्यावर बसून दाबून धरतं. आमच्या बावखलाचं पाणी इतकं गोड, की माझ्या आजोबांनी त्यात साखर विरघळवायचा प्रयत्न केला तेव्हा साखर लाजून तळाशी बसली.

वाटणीत बावखलाची जमीन चुलतभावाकडे गेली. पण मोठ्या माणसांनी सुपारी फोडून तोंडी ठरवलं होतं: जमीन त्याची, पाणी दोन्ही घरांचं. कागद नाही, सही नाही. तेवढ्यावर दोन घरं जगली.

चुलतभाऊ माझ्याहून थोडा मोठा, मी त्याला दादा म्हणतो. दादाने त्याची वाडी बिल्डरला दिली. केळींच्या जागी आता सात मजली इमारत उभी आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक फ्लॅटला एक गाडी आणि त्या गाडीला एक पिल्लू स्कूटर आहे. गाड्या लावायला जागा नाही. बिल्डरचं आणि दादाचं ठरलं, बावखल बुजवायचं.

कायद्याने त्याला मी अडवू शकत नव्हतो. अडवणारी एकच होती, त्याची आई, माझी काकी. पंच्याऐंशीच्या पुढची, वजनाने ओल्या टॉवेलाएवढी, आवाजाने भोंग्याएवढी.

"पानी कुठलं पिनार मंग?" तिने दादाला विचारलं होतं. "तुझ्या गाडीच्या टाकीतलं?"

"बोअर हाय ना, आई."

"तुझा बोअर तू पी."

बरोबरच बोलली. आमच्या बोअरच्या पाण्याने भांडी घासली तर भांड्यांना तहान लागते. त्या पाण्याने रोज आंघोळ करणारा माणूस मेल्यावर कुजत नाही, सुकटीसारखा टिकतो. त्यामुळे दादाला कळलं होतं, काकीला गोड पाणी दाखवल्याशिवाय बावखलात मातीचा एक गोळाही पडणार नाही. कारण काकी रस्त्यात आडवी झाली तर भराव घेऊन येणारे ट्रकवाले उमेळ्याबाहेर नाही, थेट गुजरातेत पळून जातील.

म्हणून हा टायवाला. मशीन वालीवच्या कुठल्याशा गाळ्यात बनवलेलं. प्लास्टिकची चकचकीत नळी, तिला दोन्ही अंगांनी लोहचुंबक, वर निळा दिवा आणि मोठ्या अक्षरांत 'क्वांटम'. हल्ली हा शब्द कुठेही चिकटवतात. उद्या लंगोटावरही येईल.

"कसंय आजी," टायवाला सांगत होता, "बोअरच्या पाण्यात अर्धे इलेक्ट्रॉन असे फिरतात, अर्धे तसे. क्लॉकवाइज, अँटी-क्लॉकवाइज. मग त्यांचं आपसात भांडण. म्हणून पाणी खारट. आपलं मशीन काय करतं, सगळ्यांचा स्पिन एका लाइनीत आणतं. पाणी एकदम रिलॅक्स! गोड!"

खरी आग तिथे लागली. तो पूर्ण खोटं बोलला असता तर मी हसलो असतो. त्याने माझ्या शास्त्राच्या भिंतीतली एक खरी वीट काढली होती आणि ती माझ्याच डोक्यात हाणत होता. पाण्यातले अर्धे इलेक्ट्रॉन असे आणि अर्धे तसे असतात, हे शंभर टक्के खरं आहे. पण ते भांडण नव्हे रे माझ्या बाबा! त्यामुळेच तर पाणी पाणी आहे!

मी उठून उभा राहिलो. कावळे उडाले ते तेव्हा.

"इलेक्ट्रॉनला चार क्वांटम नंबर असतात," मी म्हणालो. "पहिला सांगतो तो केंद्रापासून किती दूरच्या कवचात आहे. दुसरा त्याच्या जागेचा आकार सांगतो, तिसरा ती जागा कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते. हे तिन्ही सारखे असलेले फक्त दोनच इलेक्ट्रॉन एका जागेत मावतात, आणि तेही चौथा नंबर, स्पिन, एकमेकांच्या उलट असेल तरच. आणि स्पिन म्हणजे गरगर फिरणं नव्हे, नाव तसं पडलंय, बस."

"मास्तर," दादा म्हणाला, "हा तुझा क्लास नाय."

"तुलाच सांगतो! आपण दोघं लहानपणी एका बाजेवर झोपायचो. कसे झोपायचो?"

"तू लाता मारायचास."

"उलटसुलट झोपायचो! माझं डोकं तिकडे, तुझं इकडे, म्हणून त्या टीचभर बाजेवर मावायचो. पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकेक इलेक्ट्रॉन पुढे करतात, ती जोडी अशीच उलटसुलट पडते आणि दोघांची मिळून होते. त्यालाच बंध म्हणतात. ती दोघांची असते, एकट्याची नाही. या माणसाचं मशीन खरोखर चाललं आणि सगळे स्पिन एका बाजूला वळले, तर पाणी गोड नाही होणार, दादा. पाणी फुटेल! बाज मोडेल! आणि उलटसुलट जोडीला लोहचुंबक ओढायला जातो तेव्हा एकाचा जोर दुसरा खाऊन टाकतो. चुंबकाला धरायला तिथे काही उरतच नाही."

काकीने टायवाल्याकडे पाहून विचारलं, "हा काय म्हनतो?"

"सर थिअरी बोलतायत आजी. आपण प्रॅक्टिकल करू."

थिअरी! या शब्दाचा उच्चार तो असा करत होता, जसं काही मला एखादा त्वचारोग झाला आहे.

दादा काकीला म्हणाला, "आई, एक बादली पानी आन गं, ह्यांना लागतं." काकी कामाला कोणाला हात लावू देत नाही, वहिनी आणते म्हणाली तर तिला डोळ्यांनीच परत बसवलं. ती आत गेली आणि थोड्या वेळाने मागच्या दाराकडून बादली घेऊन आली. टायवाल्याने ती मशीनच्या वरच्या टाकीत ओतली, निळा दिवा लागला, नळीतून गुळगुळ झाली आणि खालच्या तोटीतून पाणी आलं. पहिला पेला त्याने स्वतः घटाघट प्यायला, जाहिरातीतल्यासारखा आऽऽ केला, आणि दुसरा काकीच्या हातात दिला.

काकी प्यायली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे.

"कसं लागतं, आई?"

"गोड हाय," काकी म्हणाली. "आपल्यासारखंच."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याला बाजेवरून ढकलून द्यावंसं वाटलं, जी बाज मोडून जमाना झाला. मीही पेला घेतला. पाणी खरोखर गोड होतं. माझ्या आयुष्यात एवढा अपमान कुठल्या पाण्याने केला नव्हता.

दादा तिथल्या तिथे फोन काढून भरावाच्या ट्रकवाल्याशी बोलला. पुढच्या आठवड्यात मशीन बसणार आणि त्याच दिवशी माती पडणार. काकी रिकामी बादली उचलून आत गेली. तिने गोड म्हटलं होतं, आणि ती शब्द मागे घेणाऱ्यातली नव्हे.

मी निघताना टायवाल्याच्या नाकासमोर दोन बाटल्या भरून घेतल्या. एक वरच्या टाकीत उरलेल्या पाण्याची, म्हणजे मशीनमध्ये न गेलेली, आणि एक तोटीतल्या पाण्याची. तो हसला. "चेक करा सर, बिनधास्त."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये दोन परीक्षानळ्या घेतल्या आणि दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाण्यात मीठ असलं की हे औषध दह्यासारखा पांढरा साका धरतं. आमच्या बोअरच्या पाण्यात टाकलं तर नळीत श्रीखंड तयार होतं, चक्का टांगायची गरज नाही. तोटीच्या पाण्याची नळी जवळजवळ स्वच्छ राहिली, जेमतेम धूसर. आणि वरच्या टाकीतल्या पाण्याचीही तशीच!

मी त्या नळीकडे बघत राहिलो आणि मग लॅबमध्ये अशी गर्जना केली की शेजारच्या वर्गात चाललेला बायोलॉजीचा बेडूक शुद्धीवर आला. मशीनमध्ये खारं पाणी गेलंच नव्हतं! गोड घातलं, गोड निघालं. असं मशीन माझ्याकडेही आहे, त्याला पाइप म्हणतात.

घरी येऊन बायकोला सांगितलं. "त्या भामट्याने पाणी बदललं! हातचलाखी! मी उद्या त्याच्या टायलाच त्याला..."

बायको देशावरची, माझ्या वादळात छत्री न उघडता उभी राहणारी. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "बादली कोणी आणली होती?"

"काकीने."

"मग?"

"मग काय मग?"

"मी लग्न करून आले तेव्हा काकींनी पहिल्या दिवशी मला काय सांगितलं, ठाऊक आहे? दारात कोणी येऊ दे, पाहुण्याला बोअरचं पाणी द्यायचं नाही. दादांनी काय सांगितलं म्हणालात? 'ह्यांना पाणी लागतं.' ह्यांना म्हणजे पाहुण्यांना. काकी काय आणणार?"

मी खाली बसलो. आमच्याकडची रीतच ती. वैरी दारात आला तरी आधी बावखलाचं पाणी, मग शिव्या. टायवाला निर्दोष होता! म्हणजे चोर होताच, पण या चोरीत निर्दोष. त्याला स्वतःलाच वाटलं असणार की आज मशीन चाललं, आणि घरी जाऊन त्याने देवापुढे नारळ फोडला असणार.

आता पुढचा घाट. काकीला सरळ विचारलं तर ती कधी कबूल होणार नाही. कारण कबूल झाली तर लेक चारचौघांत तोंडावर पडतो. परीक्षानळी दाखवावी तर ती म्हणणार, "तुझ्या बाटलीत तूच काय घातलंस?" दादाला सांगावं तर तो म्हणणार, मास्तर जळतो. माझ्याकडे पुरावा होता, शास्त्र होतं, आणि त्या दोघांचा उमेळ्यात छदामाचा उपयोग नव्हता. याची चीड मला आजही आहे. सत्याला आमच्याकडे पुढच्या दाराने घेत नाहीत, मागच्या दाराने शेण थापायला बोलावतात.

ठरल्या दिवशी सकाळी टायवाला पाना-पक्कड घेऊन हजर. बावखलाच्या कडेला मातीने भरलेला ट्रक उभा, ड्रायव्हर माडाखाली विडी ओढतोय. दादा नव्या शर्टात. काकी ओट्यावर सुपारी कातरत बसलेली, बावखलाकडे पाठ करून. ती पाठ बघितली आणि मी तोंडावर राग चढवला. तो माझ्याकडे तयार असतोच.

"काय दिवस आले!" मी ओट्याच्या पायरीवरूनच ओरडलो. "या घराचं नाव होतं एकेकाळी! आता काय, पाव्हण्याला बोअरचं खारं पाणी पाजतात!"

अडकित्ता थांबला.

"कोन म्हनतो?" काकी म्हणाली.

"मी म्हणतो. हा बाबा त्या दिवशी उन्हातून वालीववरून आला, आणि तू त्याला बोअरचं पाणी आणून दिलंस. साऱ्या गावाला कळलंय. भुईगावपर्यंत गेलंय! लोक म्हणतात, म्हातारी झाली, हात आखडला."

"मेल्या!" काकी उभी राहिली. तिचा आवाज चढला तशी ट्रकवाल्याच्या तोंडातली विडी पडली. "मी पाव्हन्याला खारं पानी दिलं? मी? या दारात पोलीस आला तवा गोड पानी दिलं, तुझा बाप दारू पिऊन आला तवा गोड पानी दिलं! सोता पायऱ्या उतरून बावखलातून बादली भरून आनली मी! इचार त्याला! खारं होतं का रे? सांग की! गोड होतं ना?"

टायवाल्याच्या हातातला पाना तसाच राहिला. "आजी... बोअरचं नव्हतं ते?"

"बोअरचं कशाला आनू? तू पाव्हना ना?"

एवढी शांतता उमेळ्यात त्याआधी कधी झाली नव्हती. सात मजली इमारतीखालच्या गाड्यांचे हॉर्नही वाजायचे थांबले. दादाचा चेहरा त्या सिल्व्हर नायट्रेटच्या नळीसारखा पांढरा होत गेला, आणि यावेळी साका भरपूर होता.

"परत करू!" दादा म्हणाला. त्याने स्वतः बोअरची बादली आणली, टाकीत ओतली. निळा दिवा, गुळगुळ, तोटी. काकीने पेला तोंडाला लावला, आणि जी चूळ टाकली ती थेट अर्नाळ्याच्या किल्ल्याला लागली. तिथला चुना अजून पडतोय.

"स्पिन सेट व्हायला थोडा टाइम लागतो," टायवाला पुटपुटला.

मग मात्र मी सुटलो. "अरे, कुठला स्पिन सेट करतोस! मीठ आहे त्यात, मीठ! मिठाच्या कणांतलेही सगळे इलेक्ट्रॉन जोडीनेच बसलेत, त्यांनाही तुझा चुंबक शष्प विचारत नाही. आणि विचारलं असतं तरी मीठ काय हवेत उडालं असतं? हवेतल्या ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन सुटे असतात, तो गारठवून पातळ केला तर चुंबकाला चिकटतो, हे खरं आहे, हे सुंदर आहे, मी हे दरवर्षी मुलांना सांगतो आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो! ते सोडून तू..." असं मी बराच वेळ बोललो. आयुष्यातलं सर्वांत चांगलं लेक्चर ते. टायवाला केव्हाच मशीन उचलून गेला होता. काकी आत गेली होती. शेवटच्या भागाला श्रोता एकच, ट्रकचा ड्रायव्हर, आणि त्याने विचारलं, "साहब, माल खाली करू का नको?"

दादा म्हणाला, "कर. मशीन गेलं खड्ड्यात. टँकर मागवू."

मी दादाच्या अंगावर जाणार, एवढ्यात आतून काकी आली. हातात कळशी. कोणाकडे न बघता ओटा उतरली, ट्रकला वळसा घालून बावखलाच्या चिऱ्यांवर जाऊन उभी राहिली.

"उद्या लोक इचारतील, पाव्हन्याला काय पाजलं," ती दादाला म्हणाली. "मी जिती हाय तवर माझ्या दारात टँकरचं पानी कोनाला देनार नाय. मी गेले की बुजव. माझ्यासकट बुजवलंस तरी चालंल."

दादाने ट्रककडे पाहिलं, चिऱ्यांवरच्या आईकडे पाहिलं. मग ड्रायव्हरला हाताने जायची खूण केली. "बरं," तो म्हणाला, "तू हायेस तवर."

गावात झालं, मास्तरने बावखल वाचवलं. नाक्यावर चहा पाजतात मला. मी पितो आणि आतून जळतो. कोणी वाचवलं? काय वाचवलं? एवढं मोठं शास्त्र माझ्या पाठीशी, आणि त्या शास्त्रावर एका माणसाने, एकानेही, मान डोलावली नाही. काकीला अजून वाटतं मशीन बिघडलेलं होतं. दादाला वाटतं आई हट्टी आहे. टायवाला आत्ता नालासोपाऱ्यात कुठल्यातरी सोसायटीत इलेक्ट्रॉन सरळ करत असेल, आणि तिथे माझी काकी नाही. आमचं बावखल उभं आहे ते पंच्याऐंशीच्या पुढच्या एका बाईच्या श्वासावर. ट्रकवाल्याचा नंबर दादाने खोडलेला नाही, मी बघितलंय.

म्हणून मी आता रोज संध्याकाळी तिच्याशी भांडायला जातो.

"बीपीची गोळी घेतली?"

"घेतली."

"खोटं बोलू नकोस."

"मेल्या, तू माझ्यासाठी येतोस का पान्यासाठी?"

"पाण्यासाठी."

"मंग बस," ती म्हणते, आणि गोळी माझ्यासमोर गिळते, बावखलाच्या पाण्याबरोबर, जणू मला उपकृत करतेय.

काल गोळी गिळताना तिला ठसका लागला. खोकत राहिली, थांबेचना. आतल्या खोलीतून दादा आणि ओट्यावरून मी, दोघेही एकाच वेळी उठलो, आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहून एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो: तू तिच्यासाठी उठलास का पाण्यासाठी?